पहिली चक्कर मालकाची

मावला गावाच्या वळणावर त्या सकाळी धुके अजून विरले नव्हते. कापसाच्या गाड्या पहाटेच आदिलाबादच्या बाजाराकडे निघून गेल्या होत्या आणि जाता जाता रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके देऊन गेल्या होत्या. हर्षदीप स्कूटरवरून शाळेला निघाला होता. त्याच्यापुढे एक जुनी, दुधाळ रंगाची अॅम्बेसेडर धापा टाकीत चालली होती. तिच्या मागच्या काचेवर खडूने काही लिहिले होते. मराठीच्या शिक्षकाला अक्षर दिसले की ते वाचल्यावाचून राहवत नाही. त्याने स्कूटर थोडी जवळ नेली. अक्षर वळणदार होते, ओळ सरळ होती... आणि तेवढ्यात गाडी थांबली.

जुन्या गाड्या कुरकुरत, पुढे घसरत थांबतात. ही जागच्या जागी उभी राहिली. तिच्यापुढे रस्त्यात एक म्हैस रवंथ करीत उभी होती. मागे हर्षदीपची स्कूटर बंपरवर आदळली आणि दिव्याची काच खळ्ळकन फुटली.

दार उघडले. निळा ढगळ शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, गालावर ग्रीसचा पट्टा आणि वेणीत अडकलेला कापसाचा धागा... तिने आधी म्हशीच्या मालकाला तेलुगूत चार शब्द सुनावले, मग वळून हर्षदीपकडे पाहिले.

"लागलं का कुठं?"

"नाही."

"मंग आता सांगा. मांगं येवढं मोठं लिवून ठेवलं, वाचता येत न्हाई का?"

काचेवर लिहिले होते : ब्रेक नवे आहेत, दूर राहा.

"तेच वाचत होतो," तो म्हणाला. "म्हणून तर जवळ आलो."

ती क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिली आणि मग इतकी मोकळी हसली, की म्हशीनेही मान वळवली.

"जुनी गाडी आहे... वाटलं, सावकाश थांबेल."

"समद्याइले तसंच वाटते. हिले कालच नवे डिस्क ब्रेक बसवले. इंजिन मातर जुनंच हाये, ते पुढच्या हप्त्यात बदलते."

"आधी ब्रेक, मग इंजिन?" त्याने विचारले. कारण एवढेच, की बोलणे संपू नये.

"मंग? नव्या इंजिनात जोर लय. आधी थांबता आलं पायजे, मंग पळा." तिने फुटलेल्या दिव्याकडे पाहिले. "चला, बसवून देते. गॅरेज इथंच हाये, चंपत मिस्त्रीचं. मी त्याइची पोरगी, रंजीता."

दिवा बसवताना तिने सहज विचारले, "तुमच्याकडं हाये का एखादी जुनी गाडी?"

हर्षदीप असा माणूस होता, की त्याचे बहुतेक शब्द ओठांपर्यंत येऊन परत फिरत. वर्गात उत्तर ठाऊक असूनही हात वर न करणारा मुलगा मोठा होऊन शिक्षक झाला, तरी तो हात खालीच राहिला होता. पण त्या सकाळी एक शब्द परत फिरला नाही.

"हो."

"कोनती?"

"पद्मिनी."

"आना मंग!" ती म्हणाली, आणि तिचे डोळे असे उजळले, की खरे सांगण्याची वेळ निघून गेली.

खरे इतकेच होते, की बोथ नावाच्या गावी त्याचा मित्र संघपाल याच्या मामांच्या अंगणात एक पद्मिनी वर्षानुवर्षे उभी होती. ती हर्षदीपची नव्हती. आणि हर्षदीपला गाडी चालवता येत नव्हती.

* * *

"अबे, पोरगी आवडली तं सरळ जाऊन बोल ना," संघपाल म्हणाला. तो त्याच शाळेत गणित शिकवीत असे. "येवढी मोठी गाडी मधात काऊन आनतो?"

"सरळ बोलता आलं असतं तं तुह्याकडं आलो असतो का?"

मामांनी गाडी आनंदाने दिली, एका अटीवर. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती, तिची पिल्ले बाहेर पडेपर्यंत थांबायचे. हर्षदीप थांबला. रोज सायंकाळी तो बोथला फोन करून कोंबडीची खुशाली विचारी. पिल्ले निघाली, गाडी रीतसर त्याच्या नावावर झाली, आणि एका रविवारी ट्रॅक्टरला दोर बांधून, स्टेअरिंगवर संघपालला बसवून, पद्मिनी मावल्याला पोचली.

चंपत मिस्त्री स्टुलावर बसले होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी घातली आणि बॉनेटवर थाप मारली.

"कोन चालवते हिले?"

"मीच," हर्षदीप म्हणाला. संघपालला अचानक खोकला आला.

"बरं हाये. आमची एक रीत हाये, मास्तर. इंजिन बदललं का पयली चक्कर मालकानंच माराची. बाजूले रंजी बसन. मालकाचा हात बसल्याबिगर गाडी आमी झाली म्हनत न्हाई."

हर्षदीपने मान डोलावली आणि संघपालकडे पाहणे टाळले.

* * *

मग शाळा सुटल्यावरच्या त्या दुपारी आल्या. हर्षदीपला पुढे कितीदा तरी वाटे, की माणसाला आयुष्यात अशी मोजकीच उन्हे मिळतात : तिरपी, मऊ, पेट्रोलचा आणि चहाचा एकत्र वास असलेली.

एके दुपारी ती म्हणाली, "ब्रेकची हवा काढाची हाये, सर. तुमी आत बसा. मी दाबा म्हनलं का दाबा, धरा म्हनलं का धरा. अन् मी सोडा म्हनल्याबिगर पाय उचलू नका, न्हाई तं हवा परत आत शिरन."

ती मागच्या चाकाशी पाठीवर झोपून गाडीखाली सरकली. फक्त तिच्या चपला दिसत राहिल्या.

"दाबा."

त्याने दाबले.

"सर... तो क्लच हाये."

"हो का? अंधारात दिसलं नाही."

"दुपार हाये, सर."

गाडीखाली पाना एकदा टणकन वाजला. मग तिचा आवाज पुन्हा आला : दाबा... धरा... सोडा. त्या तीन शब्दांची एक लय झाली. आणि त्या लयीत हर्षदीपला एक नवल उमगले. ती त्याला दिसत नव्हती, तो तिला दिसत नव्हता, आणि शब्द आपोआप येत होते. त्याने तिला कोंबडीची गोष्ट सांगितली, आईच्या भाकरीविषयी सांगितले, पावसाळ्यात शाळेच्या गळक्या छपराखाली कविता शिकवताना मुले कशी सरकत सरकत त्याच्याजवळ येतात तेही सांगितले.

"तुमी लय बोलता की," ती खालून म्हणाली. "समोर असलं का तोंडाले कुलूप असते... धरा."

"धरलंय."

"मी बी सांगू? डिप्लोमा झाल्यावर हैदराबादले कारखान्यात होती. दिवसभर एकच नट आवळाचा. कटाळली. इथं हरेक गाडीचा सोभाव येगळा... सोडा. पन गिऱ्हाईक येते अन् माह्याकडं पाहून इचारते, मिस्त्री कुठं हाये? तुमी पयले, ज्यानं मले इचारलं इंजिन कोनतं टाकाचं." ती थांबली. "लोक जुनी गाडी आनतात ते दाखवाले. तुमचा जीव लागला हाये हिच्यावर. समजते मले."

पायाखालचा ब्रेक घट्ट होत होता, आणि हर्षदीपच्या छातीत काहीतरी सैल होत होते. पण तिचा हा विश्वास खोट्यावर उभा होता. ज्या दिवशी इंजिन सुरू होईल, त्या दिवशी तो कोसळेल... आणि त्याबरोबर ह्या दुपारीही.

हवा काढायला चार दुपारी लागल्या.

* * *

संघपालने त्याला शाळेच्या मैदानावर आपल्या कारमधून शिकवायचा प्रयत्न केला. कार एकदा मागे गेली, एकदा गेलीच नाही, आणि शेवटी व्हॉलीबॉलच्या खांबाला जाऊन टेकली.

"तुह्या डोक्यातून पायात जानारी वायर तुटली हाये, बे," संघपाल बंपर चोळत म्हणाला. "जाऊन सांग तिले खरं."

"सांगतो."

पण सांगणे पुढे ढकलता येत होते, म्हणून हर्षदीप ते ढकलीत राहिला. त्याने सीटच्या कापडाचा रंग तीनदा बदलला. आरशांविषयी उगाच शंका काढल्या. तिकडे मागून चेपलेल्या एका व्हॅनचे धडधाकट इंजिन आले. परिवहन कार्यालयाची परवानगीही आली. रंजीताने जुने इंजिन साखळीने वर उचलले, तेव्हा ती रिकामी जागा पाहून हर्षदीपला कारण नसताना भरून आले. किती वर्षे धडधडून ते गप्प झाले होते... तिने त्यावरची धूळ फडक्याने पुसली, जशी एखाद्या म्हाताऱ्याला निरोप देताना शाल सारखी करावी.

आणि तो रविवार आला. तळ्याकडच्या वाटेवर पळस फुलला होता. रंजीताने निळा शर्ट घातला नव्हता. आज तिच्या अंगावर आंब्याच्या मोहराच्या रंगाचा नवा ड्रेस होता. चंपत मिस्त्री स्टुलावर बसले. तिने इंजिन सुरू केले. ते पहिल्याच हाकेला जागे झाले, एकसारखे आणि हलके. मग तिने चालकाची जागा त्याला दिली आणि स्वतः शेजारी बसली.

"चला, मालक."

त्याने स्टेअरिंग धरले. तिने पट्टा बांधला, हात मांडीवर ठेवले आणि समोर पाहिले. तिच्या चेहऱ्यावर शंकेची सावलीदेखील नव्हती. तेवढेच त्याला सोसले नाही. त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केले.

"काय झालं?"

"मले गाडी चालवता येत न्हाई."

"म्हंजे?"

"म्हंजे... कधीच आली न्हाई. ही गाडी बी माही नव्हती. तुमी इचारलं, गाडी हाये का, अन् म्या हो म्हनलं. मंग बोथहून आनली." शाळेतली नेटकी भाषा त्याच्या ओठांवरून केव्हाच गळून पडली होती.

रंजीताने समोरची नजर काढून त्याच्याकडे वळवली.

"तुमी क्लच दाबला तवा मले वाटलं, घाबरले असन," ती म्हणाली. "इंजिन ज्याच्यावर बसते, ते फाउंडेशन म्या तीनदा कापून परत बनवलं. कोनासाठी? ज्याले गाडीच नोको होती, त्याच्यासाठी?"

"गाडी नोको होती. तुमच्यासंगं बोलाचं होतं." त्याने मान खाली घातली. "पन तुमी गाडीखाली असल्या का मले बोलता येते. समोर असल्या का येत न्हाई. आता बाजूले बसल्या... म्हून अर्धंच येऊन राह्यलं."

"रंजी!" चंपत मिस्त्रींनी हाक मारली. "बंद पडली का व?"

"न्हाई, बाबा! मालक इचार करून राह्यले!"

तिने पट्टा सोडला. किल्ली काढून मुठीत घेतली. "ही माह्याजवळ राहू द्या. तुमचा काई भरोसा न्हाई," ती म्हणाली आणि उतरली. दार मिटले. हर्षदीपने डोळे मिटून घेतले; संपले, असे त्याला वाटले. पळसावर कुठेतरी एक पक्षी बोलत होता, आणि जगात दुसरा आवाज नव्हता.

मग गाडीखालून आवाज आला.

"बोला. बाकीचं अर्धं."

त्याने खिडकीतून वाकून पाहिले. मागच्या चाकाशी तिच्या चपला दिसत होत्या, आणि मोहराच्या रंगाची ओढणी मातीत पसरली होती.

"अवं, नवा ड्रेस!" चंपत मिस्त्री स्टुलावरून उठले.

"बाबा, तुमी चहा सांगून या!"

मिस्त्रींनी एकदा गाडीकडे पाहिले, एकदा मास्तरांकडे. मग काही न बोलता ते हॉटेलाकडे निघाले. आणि जाताना सावकाश, फार सावकाश गेले.

"मले तुमी आवडता," हर्षदीप म्हणाला. शब्द परत फिरला नाही. "पयल्या दिवसापासून म्हनलं तं खोटं होईल. त्या दिवशी फकस्त अक्षर आवडलं होतं. मंग हसनं... मंग तुमचं ते धरा म्हननं. आता अशी दुपारच न्हाई, जिच्यात तुमी न्हाई. तुमी रागावल्या तरी हे खरंच राहीन."

इंजिन गार होताना टिक् टिक् करीत होते.

"एक सांगू?" खालून आवाज आला, जरा बारीक, जरा लाजलेला. "मले बी खालूनच बोलता येते."

"सांगा."

"ब्रेकची हवा काढाले एक घंटा लागते, सर. फार तं दीड." ती थांबली. "चार दिवस कोनीच लावत न्हाई."

हर्षदीपला ते समजायला एक क्षण लागला. मग तो हसू लागला. आणि गाडीखालीही कोणीतरी हसू लागले, आणि त्या दोन हसण्यांनी ती म्हातारी पद्मिनी हळूच डोलली.

ती बाहेर आली तेव्हा ओढणीवर तेलाचा डाग होता आणि ती त्याच्याकडे पाहत नव्हती. शेजारी बसून तिने किल्ली पुढे केली.

"रीत मोडाची न्हाई. चक्कर तं तुमालेच माराची हाये. लर्निंग लायसन तरी हाये का?"

"आहे. परीक्षेत पैकीच्या पैकी गुण."

"मास्तरच शेवटी!" तिने कपाळाला हात लावला. "मांगची वाट धरू, तळ्याकडची. तिथं कोनी येत न्हाई. डावा पाय दाबा. आता हळू... हळू सोडा."

गाडीने उसळी घेतली आणि बंद पडली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद पडली. त्याचा हात गिअरवर होता, पण गिअर पडेना. तिने त्या हातावर आपला हात ठेवला, आणि गिअर पडला. पद्मिनी हलली. कुंपणातून बाहेर, कपाशीच्या दोन शेतांमधून, केशरी पळसांखालून ती चालू लागली. सायकलीवरचा माणूस जितक्या वेगाने जाईल, जेमतेम तितक्याच वेगाने. पण हर्षदीपला वाटले, आजवर आपण इतक्या वेगाने कुठेच गेलो नव्हतो.

पुढे तळे दिसू लागले. वाट तिथे दुभंगत होती. उजवीकडची परत गॅरेजला येत होती, सरळ जाणारी काठाकाठाने दूर कुठेतरी जात होती.

"रंजीता," तो म्हणाला. तिचे नाव त्याने प्रथमच घेतले होते. "वळायचं कसं?"

"ते उद्या शिकवते," ती म्हणाली. तिचा हात अजून तिथेच होता. "आज सरळच जाऊ."