सहाच्या रेघेपुढचं ऊन

पावणेसहाला छगनचा फोन आला, तेव्हा भाईदास आबा अंगणात पाय धूत होते. छगन म्हणजे रावेरच्या शिवेवरच्या हवामान केंद्राचा रखवालदार. "आबा, बेगी या. मी ड्युटीले आलो त भूषणभाऊ खाली पडेल व्हता," एवढंच तो बोलला.

केंद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. आबांनी तिथं एकतीस वर्षं पारा वाचला, आणि ते निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी तेच काम त्यांच्या मुलाकडं, भूषणकडं आलं. तो गच्चीखालच्या फरशीवर पडला होता. आबांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. मग उठले आणि सवयीनं पांढऱ्या पेटीचं दार उघडून कमाल तापमापक वाचला. छत्तीस पूर्णांक सहा. पोरगा मेलाय आणि बाप तापमान बघतोय, ह्याची नंतर त्यांना स्वतःचीच चीड आली. त्या वेळी मात्र काहीच वाटलं नाही.

फौजदार कामिनी चौधरी सहाच्या आतच आल्या. तारीख तेवीस सप्टेंबर, ऊन अजून केळीच्या शेंड्यांवर होतं. गच्चीवर काचेचा एक गोळा असतो. ऊन त्यातून मागच्या पट्टीवर एकवटतं आणि दिवसभर पट्टी जाळत पुढं सरकतं. पट्टीवर तासांच्या रेघा असतात; जळाली जितकी, तितके तास ऊन. कामिनीबाईंनी गोळ्यातली पट्टी तिथल्या तिथं पाकिटात घालून सील केली. फरशी तापलेली, त्यामुळं मृत्यूची नेमकी वेळ डॉक्टरांनाही सांगता येईना.

नोंदवहीत साडेपाचची नोंद होती, नुसत्या आकड्यांची. म्हणजे भूषण तोवर जिवंत होता आणि नंतर त्यानं उडी मारली, असं ठरलं. केंद्राचे अधिकारी लीलाधर साहेब तर तीनलाच गाडीनं बोदवडला बैठकीला गेलेले. राहिली नूतन, भूषणची बायको. सकाळी दोघांचं भांडण झालं होतं, ते शेजारणींनी ऐकलेलं. मग काय, गावाला कारण सापडलं. नूतननं एका शब्दानं नाकारलं नाही. भिंतीला टेकून बसली ती बसलीच. खोटं असतं तर ही बोलली असती, असं लोक म्हणू लागले.

आबांना एक गोष्ट कुरतडत होती. आठच दिवसांपूर्वी भूषणनं त्यांच्या खिशातल्या जुन्या डायऱ्या मागून नेल्या होत्या. काही वर्षांचं तापमान त्यांनी त्यांत टिपलं होतं. साहेबांनी पन्नास वर्षांचं रोजचं तापमान कम्प्युटरवर चढवलं होतं, ते त्याला पडताळून बघायचं होतं.

तिसऱ्या दिवशी फाइल बंद करायला कामिनीबाई केंद्रावर आल्या. आबाही तिथं गेले आणि वही, पट्टी दोन्ही मागितल्या. लीलाधर साहेब हळहळत म्हणाले, "आबा, कशाला जिवाला त्रास?" कामिनीबाईंनी मात्र पाकीट फोडून पट्टी त्यांच्या हातात दिली.

आबांनी पट्टी पाहिली. वही पाहिली. गेल्या वर्षीची वही काढून तीही पाहिली. मग खुर्ची ओढून बसले.

"साहेब, गोळ्याची पट्टी तुम्ही कधी बदलली का?"

"मी कशाला? ते भूषणचं काम."

"मॅडम, ही पट्टी तुम्ही किती वाजता काढली?"

"सहाला. सूर्य होता अजून."

"मग ही सहाच्या रेघेपुढं कशी जळाली?"

आबांचा आवाज नोंद वाचून दाखवावी तसा सपाट होता. "पट्टीवरची वेळ सूर्याची, घड्याळाच्या थोडी मागं. सप्टेंबरच्या शेवटाला दिवस-रात्र सारखी. ह्या दिवसांत सहाच्या रेघेपुढं ऊन जातच नाही, आणि इथं तर सूर्य मावळायचा होता. शिवाय पट्टी वाकडी आहे. वाकडी लांब पट्टी उन्हाळ्याची, सप्टेंबर लागला की सरळ लावतात. ही मे महिन्याची जळकी पट्टी आहे, मागची तारीख खोडलीय पण महिना वाचता येतो. भूषणनं झोपेतसुद्धा ही लावली नसती."

"आणि साडेपाचची नोंद?" कामिनीबाईंनी विचारलं.

"कमाल चौतीस पूर्णांक आठ. गेल्या वर्षी ह्याच तारखेला हुबेहूब तेवढंच. पण कमाल तापमापकातला पारा झटकल्याशिवाय उतरत नाही, आणि मी त्या संध्याकाळी छत्तीस पूर्णांक सहा वाचलंय. ज्यानं नोंद लिहिली त्यानं पेटी उघडलीच नाही. तो साडेपाचला इथं नव्हता. जाण्याआधीच जुना आकडा टाकून गेला."

लीलाधर साहेबांनी रुमाल काढला. "हा सगळा तर्क झाला."

"मे महिन्याचा गठ्ठा काढा, मॅडम. एकतीस पट्ट्या असतील. गठ्ठा मोजून ठेवायची कचेरीची रीत. एक काढली तिथं साहेबांनी एक घातली असणार."

कपाटातून गठ्ठा निघाला. एकतीसच भरल्या. तीस वाकड्या, एक सरळ. तिच्यावर तेवीस सप्टेंबर, भूषणच्या अक्षरात. अडीचच्या रेघेपर्यंत नीट जळालेली, पुढं तिरका चटका आणि मग कोरी.

"इथं गोळा निसटला," आबा म्हणाले. "झटापटीत."

साहेब मग बोलत सुटले. आबांच्या जुन्या वह्यांना वाळवी लागली होती. वरून तगादा होता, म्हणून कितीतरी वर्षांचे आकडे त्यांनी मनानंच भरले. भूषणला डायऱ्यांमुळं ते कळलं आणि तो वर कळवणार होता. गच्चीवर बाचाबाची झाली, त्यांनी त्याला ढकललं. पाडायचं नव्हतं, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. आपली एकतीस वर्षं वाळवीनं खाल्ली, हेही आबांनी ऐकलं. त्याचं दुःख करायला त्यांच्यात आता काही उरलं नव्हतं.

घरी नूतन तशीच बसलेली होती. आबा तिच्यासमोर जमिनीवर बसले. "बेटा, त्यानं उडी नाही मारली. लीलाधरनं ढकललं. अडीच-पावणेतीनला. तुझ्या बोलण्याचा काही संबंध नाही."

तिनं मान वर केली.

"तीनला मी फोन लावला होता," ती म्हणाली. "चुकलं म्हणायला. बंद आला. मला वाटलं, रागानं बंद केला."

"पडताना फुटला गं तो."

नूतन तीन दिवसांत पहिल्यांदा रडली, मोठ्यानं, शेजारणींना ऐकू जाईल अशी. आबांना रडू येत नव्हतं. ते तिच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले.