चौदा नंबरची खोली

योगिताचं काम तसं सोपं होतं. सुरतेतल्या डिंडोलीच्या गल्ल्यांत घरोघरी जायचं, दोन वर्षांखालचं मूल असेल तिथं बसायचं, फॉर्मवरचे प्रश्न विचारायचे, मूल लटकवायच्या काट्यावर तोलायचं आणि आईचा अंगठा घ्यायचा. एका संस्थेची ती पाहणी होती. शिकलेल्या पोरी आल्या की बाया दारातूनच वाटेला लावायच्या, म्हणून गल्लीतलीच, सातवी झालेली, स्वतः लेकुरवाळी अशी बाई त्यांनी शोधली होती.

वरच्या ताई होत्या सुषमाताई. त्यांचा फॉर्म छान छापलेला होता, पण पहिल्याच प्रश्नाला तो आडवा पडला. घरात लहान मुलं किती, असं विचारलं की बाया सरळ तोंडानं सांगायच्या, एकही नाही. आणि मागं झोळी हलत असायची.

"अहो ताई, आमच्यात परक्यापुढं पोरांचा आकडा सांगत नाहीत," योगिता म्हणाली होती. "नजर लागते. पहिल्यांदा विचारलं की नाहीच म्हणायचं, ते तोंडातच बसलेलं असतं. तुम्ही पोरं विचारूच नका. झोळी कधी बांधली, ते विचारा."

सुषमाताई हसल्या होत्या आणि प्रश्न बदलला होता. त्या दिवसापासून योगिताचे फॉर्म सगळ्यांत भरलेले येऊ लागले. बाया काट्याला भ्यायच्या तेव्हा ती आपल्या परीचा आकडा सांगायची. "माझी चौदा महिन्यांची, सात किलो आठशे. मी तोललीच ना?" आईपणाच्या जिवावर तिनं अशी नजर झेलून घेतली होती, आणि रोज संध्याकाळी परीवरून मीठमोहऱ्या उतरवून टाकत होती.

एका गल्लीच्या टोकाला पाटलाची तीन मजली इमारत होती. खाली यंत्रमागाचं खातं, म्हणजे कारखाना, वर भाड्याच्या खोल्या. माग चालू असले की जिना पायाखाली थरथरायचा. वरच्या मजल्यावरची चौदा नंबरची खोली तिला दोनदा बंद सापडली. कडीला गंजलेलं कुलूप. नियम असा होता, की तीन वेळा जायचं आणि मगच 'बंद' लिहायचं.

तिसऱ्या वेळी ती जिना चढत असतानाच मंगलाबाईंचा फोन आला. शेजारच्या म्हाताऱ्या मंगलाबाई दिवसभर परीला सांभाळायच्या.

"पोर तापली व. लवकर ये."

योगिता तिथंच पायरीवर बसली. 'बंद' लिहिलं तर ताई पुन्हा या इमारतीत पाठवणार, बंद घरं फार झाली म्हणून कालच बोलल्या होत्या. तिनं फॉर्म गुडघ्यावर घेतला आणि मनानंच भरला. बाईचं नाव भागीरथी. वय चोवीस. मुलगी एक, चौदा महिन्यांची. वजन... उगाच काही लिहिलं तर पकडलं जाईल, म्हणून तिनं तोंडपाठ असलेलं लिहिलं. सात किलो आठशे. आईच्या अंगठ्याच्या चौकटीत तिनं आपला डावा अंगठा शाईत बुडवून उमटवला.

उठताना तिला वाटलं, बंद दाराच्या आत कुणीतरी दोरी ताणली. करकर. पण खाली माग चालू होते. काय ऐकू येणार?

परीचा ताप दोन दिवसांत उतरला. योगिता तो फॉर्म विसरूनही गेली.

आठ-दहा दिवसांनी ललित ऑफिसात भेटला. दहातलं एक घर पुन्हा तपासायचं काम त्याच्याकडं होतं.

"योगिताबेन, तुमची चौदा नंबरवाली भागीरथी फार गोड बाई हो," तो म्हणाला. "पाणी दिलं, बसवलं. तुमचा फॉर्म तर अक्षरन् अक्षर बरोबर. फक्त पोरीचं वजन वाढलंय. आठ किलो दोनशे."

योगितानं हातातले फॉर्म खाली ठेवले. "कुठली चौदा? पाटलाच्या इमारतीतली?"

"अहो, तुम्हीच गेला होता ना तिथं?"

घरी येऊन तिनं हुकाला काटा अडकवला, परीला त्याच्या कापडात बसवलं. परी पाय झाडत हसली. काटा थरथरत थांबला. सात किलो चारशे.

तापानं उतरलं असेल, असं तिचा नवरा हिलाल म्हणाला. तो बारा तास मागावर उभा राहून यायचा, त्याला सगळंच तापासारखं वाटायचं. डॉक्टरही तेच म्हणाले आणि औषधाची बाटली दिली. परी खायची, प्यायची, खेळायची. पण झबली सैल पडत चालली. हातातली काळ्या मण्यांची बांगडी एका सकाळी आपोआप गळून पडली.

तिसऱ्या आठवड्यात योगितानं भीत भीत ललितला विचारलं.

"वजनात फरक पडला म्हणून पुन्हा गेलो होतो की परवा," तो म्हणाला. "नऊ किलो. गुबगुबीत झालीय नुसती."

त्या दिवशी परी सहा किलो सहाशे भरली. योगितानं फॉर्मच्या मागं दोन्ही आकड्यांची बेरीज केली. मग आधीच्या आकड्यांची केली. तीच आली. इथं जेवढं उतरत होतं तेवढंच तिथं चढत होतं.

ती सुषमाताईंकडं गेली आणि सगळं सांगून टाकलं. ताईंनी फॉर्म काढून बघितला, ललितची सही बघितली, आणि फॉर्म परत फायलीत ठेवला.

"झोप होते का गं तुझी? ललित त्या बाईशी दोनदा बोलून आलाय."

"ताई, तो अंगठा माझा आहे. फॉर्म फाडून टाका. पाया पडते."

"माझ्या हातात नाही ते. घरातल्या बाईनं स्वतः सांगितलं, माझी माहिती काढून टाका, तरच काढता येतं."

म्हणून ती गेली. एकटीच, भर दुपारी. त्या दिवशी खात्याला सुट्टी होती. माग बंद होते, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्या जिन्यात तिला स्वतःची चप्पल ऐकू आली. वरच्या मजल्यावर खळीचा आणि जुन्या तेलाचा वास दाटला होता, आणि त्यात मिसळलेला लहान मुलाच्या पावडरचा वास. परीच्या पावडरचा.

कुलूप कडीलाच लटकत होतं, गंजलेलं. दार मात्र उघडं होतं.

खोलीत सामान नव्हतं. मधोमध झोळी बांधलेली, जडशीळ, जमिनीपर्यंत ओढलेली. दोरी करकरत होती. खिडकीला पाठ करून एक बाई बसली होती. उजेड मागून येत होता, म्हणून तोंड दिसत नव्हतं.

"ये व माय, बस," ती म्हणाली. "हळू बोल. मन्ही पोर निजेल शे."

योगिता बसली नाही. "भागीरथीबाई... तो फॉर्म... तेवढा पुसून टाकायचाय."

"पुसी टाकसू ना." आवाज मऊ होता. "पन आधी मी इचारसू. तू सांग."

आणि मग ती बाई बोलू लागली ते त्यांच्या गावाकडचं अहिराणी नव्हतं. योगिता रोज दारोदारी जे पाठ म्हणायची, ते होतं. त्याच चालीत, त्याच ठिकाणी श्वास घेऊन. "तुम्हाला नको असेल त्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका. तुम्ही सांगाल तेच लिहिलं जाईल. केव्हाही थांबवू शकता..."

योगिताला थांबवायचं होतं. तिनं हात वर केला, बाई म्हणतच राहिली.

झोळीत काहीतरी वळलं. समाधानानं, जेवून निजलेलं मूल वळतं तसं.

"सांग, माय," बाई म्हणाली. "तुन्हा घरमा दोन वरीसना आतला कितला पोरं शेतस?"

योगितानं विचार केलाच नाही. परक्या बाईनं विचारलं होतं. आईनं शिकवलेलं, आजीनं शिकवलेलं, गल्लीतल्या प्रत्येक बाईच्या ओठावर असलेलं ते तिच्याही ओठावर आलं. परीला झाकायला आलं.

"एकबी नही."

झोळीतली हालचाल थांबली. दोरीसुद्धा थांबली.

"नक्की?"

तेव्हा कुठं तिला कळलं, आपण काय सांगून बसलो. तिनं तोंड उघडलं, पण बाई मान खाली घालून लिहीत होती. कागदावर पेन फिरल्याचा आवाज येत होता, हातात मात्र पेन दिसत नव्हतं.

योगिता धावत सुटली. जिना, गल्ली, दोन चौक, कुठलंच तिला आठवत नाही. दारात मंगलाबाई लसूण सोलत बसल्या होत्या.

"काय व, इतली कशी धापी ऱ्हायनी?"

"परी..."

"आत शे ना. आज तर खिचडी खाल्ली वाटीभर. हसी हसी मस्ती करी ऱ्हायनी."

परी होती. झोळीत बसून दोन्ही हात पुढं करत होती. योगितानं तिला उचललं, छातीशी धरलं, मुके घेतले, आणि मग हातांवर तोलून बघितलं. तिनं काटा हुकाला अडकवला. हात पुसायला पदर धरला तर डावा अंगठा शाईनं निळा झालेला.

परीला तिनं कापडात बसवलं आणि हात सोडला. परी टाळ्या वाजवत हसली.

काटा शून्यावरच होता.

"बिघडला व तो," मंगलाबाई मागून म्हणाल्या. त्यांनी परीला उतरवून कापडात वरवंटा ठेवला. काटा झटकन अडीच किलोवर गेला. वरवंटा काढून पुन्हा परीला बसवलं. शून्य.

ते काम योगितानं सोडलं. काटा परत दिला. परी आता तीन वर्षांची होईल. बोलते, खाते, सगळ्यांना हसून बिलगते, आणि डॉक्टरकडं मात्र योगिता तिला नेत नाही. शेजारणी म्हणतात, एवढ्या सुरतेच्या उकाड्यात ही बाई घरातला पंखा का लावत नाही, कोण जाणे. आणि निजलेल्या पोरीच्या पायाला लुगड्याचा काठ बांधून दुसरं टोक मुठीत का धरून बसते.