लाल पट्टा

तिसगावच्या फाट्यावर मच्छिंद्रचं रेडियमचं दुकान आहे. नंबरप्लेट, काचेवरची देवाची नावं, ट्रॉलीच्या मागं लावायच्या लाल पट्ट्या, सगळं तिथं कापून मिळतं. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. यंदा उरलेल्या लाल तुकड्यांतून त्यानं फाट्यावरच्या चार कुत्र्यांना गळपट्टे केले. जुन्या सीटबेल्टचा पट्टा आणि वर दोन बोटं रुंद रेडियम. रस्ता रुंद झाल्यापासून अंधार पडला की कुत्री चिरडली जायची आणि थांबायचं कुणी नाही. मच्छिंद्रच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

बायको रोहिणीनं पहिल्याच दिवशी टोकलं होतं. "लाल कशाला? गाडीच्या मागं लाल असतंय. मानसाला वाटंल, लांब ट्रॉली चाललीया. पिवळं लावा."

"लाल म्हंजी धोका. शेंबड्या पोराला बी कळतं एवढं."

बायकोचं ऐकेल तो मच्छिंद्र कसला!

आठव्या दिवशी दिवेलागणीला खंड्या एका पिकअपखाली गेला. चौघांतला त्याचा सगळ्यात लाडका, दुकानात पायाशी झोपणारा. पिकअप रविराजचा होता, हे टपरीवाल्यानं पाहिलं होतं. रविराज म्हणजे मच्छिंद्रचा चुलतभाऊ, कांदा घेऊन नगरच्या मार्केटला जाणारा. मच्छिंद्रनं त्याला घरातून बाहेर ओढलं.

"दादा, आईची आन, लाल दिसलं मला. वाटलं, लई लांब ट्रॉली हाय. कुत्रं दिसलंच न्हाई."

"चोराच्या उलट्या बोंबा! आनि उतरला का न्हाईस खाली? तडफडत हुतं ते."

रविराज उतरला नाही तो नाहीच. मच्छिंद्रनं खंड्याला पट्ट्यासकट दुकानामागं पुरलं आणि फाट्यावर येईल त्याला रविराजचं नाव सांगत सुटला. उरलेल्या तिघांचे लाल पट्टे मात्र त्यानं काढले नाहीत. काढणं म्हणजे आपली चूक कबूल करणं, आणि त्यापेक्षा तिन्ही कुत्री गेली तरी चालतील, असा त्याचा हट्ट. रोहिणी रोज सांगायची, तो रोज तिच्यावर खेकसायचा.

खंड्याला पुरल्यावर पाचव्या दिवशी रविराज दुकानात आला. दाढी वाढलेली, डोळे ओढलेले.

"दादा, नगरहून येताना करंजी गाव सोडलं की म्होरं लाल पट्टी दिसती. गुडघ्याएवढ्या उंचीवर. मी हळू केलं की ती बी हळू. फाटा आला की न्हाईशी हुती. तीन दिस झाले."

"नवीन थाप काढली व्हय रं?"

"मग आज बसा माझ्यासंगं."

मच्छिंद्र गेला तो भावाची कीव आली म्हणून नाही. त्याला खोटं पाडायचं आणि चारचौघांत नाक घासायला लावायचं, एवढ्यासाठी गेला.

परतताना करंजी मागं पडली तेव्हा सात वाजले होते. थंडी होती, काचा वर होत्या, मागं रिकामी पोती फडफडत होती. दोन्ही बाजूंना तुरीची वावरं आणि एकही दिवा नाही.

"ती बगा," रविराज म्हणाला.

पुढं, प्रकाशाच्या टोकाला, दोन बोटं रुंद लाल पट्टी होती. चालताना मान हलावी तशी वरखाली होणारी.

मच्छिंद्र हसला. "आपल्या तिघांतलंच सुटलंय एखादं." आणि लगेच त्याचा जीव थोडा थोडा झाला, कारण रविराजचा वेग साठाच्या वर होता. "हळू घे! हळू घे, रव्या!"

त्यानं रोहिणीला फोन लावला. "कुत्रं मोकळं सोडलंस व्हय गं? हितं रस्त्यावर हाय!"

"तिन्ही हितं माझ्यासमोर हायेत," ती म्हणाली. "आनि त्यांचं पट्टं मी दुपारीच बदललं, तुमी गेल्यावर. पिवळं घातलंय. लाल माझ्या हातात हायेत. शिव्या द्यायच्या त्या घरी येऊन द्या."

मच्छिंद्रनं फोन खाली ठेवला.

"थांबव गाडी."

गाडी थांबली. पट्टीही थांबली.

"दिवे बंद कर." रेडियमला स्वतःचा उजेड नसतो. त्यानं बावीस वर्षं हा माल कापला होता. समोरून उजेड पडला नाही तर रेडियम म्हणजे नुसता रंगीत कागद.

रविराजनं दिवे बंद केले. इंजिनही बंद केलं.

पट्टी तशीच दिसत राहिली.

"दादा," रविराज कुजबुजला, "ती जवळ येतीया. आजवर कदी आली न्हाई."

ती येत होती. घाई न करता, एका बाजूनं लंगडत. रविराजनं हात जोडले आणि डोळे मिटले. मच्छिंद्रला आतून बरं वाटलं. जा, विचार त्याला, तो मनात म्हणाला. विचार, उतरला का नाहीस.

पट्टी रविराजच्या दारापाशी आली.

थांबली नाही.

बॉनेटला वळसा घालून ती मच्छिंद्रच्या बाजूला आली, आणि तिथं बसली.

मच्छिंद्रला राग आला. रविराजचा, रोहिणीचा, त्या लाल रेडियमचा. आणि मग, पहिल्यांदाच, स्वतःचा. ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द त्याच्या जिभेवर आले. ओठ उघडेनात.

त्याच्या बाजूच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात वाफ धरली. विरली. पुन्हा धरली.

मच्छिंद्रनं तर मघापासून श्वास रोखून धरला होता, आणि रविराज पलीकडच्या दाराला चिकटला होता. त्यानं काचेवर बोट टेकवलं.

काच आतून ओली होती.