पारूबाईची कळशी

दुपारी दोन वाजता पारूबाई विहिरीच्या पायऱ्यांखाली, रांगेत बसल्या जागी मेली.

एवढं सगळ्यांनी पाहिलं. पुढचं फक्त दोघींनी. त्या दोघी एकमेकींच्या घरी कधी चहासुद्धा प्यायल्या नाहीत, पण दोघींची हकीकत शब्दाला शब्द जुळते. म्हणून ही खरी धरायची.

मे १९८६. लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष. निलंग्याकडचं एक गाव, नाव देत नाही. दुष्काळात एकाच विहिरीला पाणी उरलं होतं, तीही गावातली. बौद्ध वस्तीत गॅस्ट्रोची साथ आली. नव्या जिल्ह्याची जीप आली आणि विहिरीत औषधाची भुकटी टाकून गेली. जाताना भोंग्यावरून सांगितलं, फक्त याच विहिरीचं पाणी प्या. ओढ्यातलं पिऊ नका.

वस्तीला त्या विहिरीत दोर सोडायची मुभा नव्हती.

खाली कळश्यांची रांग लावायची. गावातलं कुणी वरून ओतेल तेव्हा पाणी. साथ आली, तसं ओतायला येणंच बंद झालं.

वस्ती ओढ्यातल्या खड्ड्याचं पाणी पिऊ लागली. घराघरांत माणसं आडवी झाली. गावातलेही दोघं आजारी पडले. ते जीपने लातूरला गेले, बरे होऊन आले.

पारूबाई तेवढी हटून बसली होती. स्वतःला जुलाब, तरी रांगेत पहिली. "भुकटीचंच पाणी नेणार," म्हणायची.

तिला माती दिल्यावर तिची पोचा पडलेली कळशी तिच्या जावेने, सरजाबाईने, पारूच्याच दारात पालथी घातली.

दुसऱ्या दुपारी सरजाबाईच्या नातवाला, चार वर्षांच्या ग्यानोबाला, उलट्या सुरू झाल्या. डोळे खोल गेले. सरजाबाई घागर घेऊन विहिरीकडे पळाली.

रांगेत कुणी नव्हतं.

फक्त पहिल्या जागी... पोचा पडलेली कळशी. सरळ उभी.

कुणी आणली असेल, म्हणून तिने ती उचलून मागे ठेवली. आपली घागर पुढे सरकवली. पदर सावरायला मान वळवली...

खर्रर्र.

कळशी पुन्हा पुढे होती.

तेवढ्यात वर गावातली उमाबाई आली. विहिरीलगतच तिचं घर. नाकाला पदर.

"सरजे, लांब सरक. माझ्या घरी लेकरं हायत."

"आमच्या घरी काय मांजरं हायत का, उमाबाई?"

उमाबाई ओशाळली. तिने पोहरा सोडला. ओढताना हाताला वजन लागलं, हे ती आजही सांगते. भरलेला पोहरा तिने सरजाबाईच्या घागरीवर वाकवला...

थेंब नाही.

पुन्हा शेंदला. पुन्हा कोरडा.

"हे काय व्हायलंय गं?"

"नंबर पारूचा हाय," सरजाबाई कळशीकडे बघत म्हणाली. "आधी तिला घाला."

"मेलेलीला?"

"घाला. न्हाई तर माझं लेकरू जाईल."

उमाबाईने पोहरा कळशीवर धरला. धार पडली. एक पोहरा, दुसरा, तिसरा... कळशी भरेना.

आतून आवाज येत होता. घटाघटा... तहानलेलं माणूस पितं तसा.

मग थांबला.

पुढचा पोहरा सरजाबाईच्या घागरीत पडला. ग्यानोबा वाचला.

त्यानंतर उमाबाई रोज ओतायला आली. पहिला पोहरा त्या कळशीत, मग वस्तीला. पाऊस लागला, ओढा वाहिला, आणि एक दिवस कळशी दिसेनाशी झाली.

कुणी नेली, माहीत नाही.

पुढे वस्तीत नळ आला. यंदा, २०१६ च्या उन्हाळ्यात, तो कोरडा पडला. टँकर आधी गावात रिकामा होतो. उरलं तर वस्तीकडे येतो.

परवा ग्यानोबाने लातूरला राहणाऱ्या सरजाबाईला फोन केला.

"आजी, टँकरच्या रांगेत पहिली एक जुनी कळशी हाय. पोचा पडलेली. कुणाची म्हणलं, तर कुणालाच ठाव न्हाई."

सरजाबाईने एकच विचारलं.

"वस्तीत कुणाला जुलाब लागलेत का रे?"

"माझ्याच पोरीला. सकाळपासून. तुला कुणी सांगितलं?"

हे लिहीपर्यंत टँकर वस्तीत पोहोचलेला नाही.