रामीचं रडणं

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर नेरला जाऊन आमच्या नाहिदचाचींना विचारा.

साल २००६. आश्विनातली भर दुपार. रात्र असती तर निदान स्वप्न तरी म्हणता आलं असतं.

माझे कलीमचाचा पेटी वाजवायचे, चाली बांधायचे. त्या उन्हाळ्यात त्यांचा मित्र खेमसिंग याच्या मुलीचं, रामीचं, तांड्यावर लग्न होतं. बंजाऱ्यांत नवरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडते. त्याला ढावलो म्हणतात. रामी रडू लागली आणि चाचांनी ते टेप करायला घेतलं.

"कलीम, हे रडनं हाय, गानं नोहे," खेमसिंग म्हणाला. "बंद कर."

"चाल तर पाह्य न, किती भारी हाय."

तीच चाल चाचांनी दुप्पट वेगात घेतली, खाली ढोलक टाकला आणि कपाशीवर फवारायच्या औषधाची जाहिरात केली. गावोगाव ऑटोवर वाजली. पोरं नाचली. सांगतानाही मला शिसारी येते.

भादव्यात रामी सासरच्या कपाशीत औषध फवारता फवारता पडली. उठलीच नाही.

महिन्याभराने, त्या आश्विनातल्या दुपारी, चाचा आपल्या लेकीच्या, निलोफरच्या, रुखसतीचं, म्हणजे सासरी पाठवणीचं, गाणं बांधायला बसले. एक तरी चाल स्वतःची, लेकीसाठी.

भाता ओढला...

पेटीतून औषधाचा उग्र वास आला.

पट्ट्या चिकट. बोटाला लाळेसारखी तार.

त्यांनी हात काढला. भाता थांबला.

सूर थांबला नाही...

तीच चाल. पण संथ, रामी रडली होती तशी. मध्येच श्वास घेत.

चाचांनी फळी उघडली. आत पांढरा फेस. ओला, कोमट. त्यात एक लांब केस.

ते तिथेच ओकले. रामीचं रडणं आपण विकलं, एवढंच ते चाचींना म्हणाले. पेटी जाळली. पुन्हा चाल बांधली नाही.

निलोफरचं लग्न झालं. रुखसतीला ती बापाच्या गळ्यात पडली. तोंड उघडलं...

आवाज नाही. डोळे कोरडे.

लोक म्हणाले, पोरगी दगडाच्या काळजाची. ती मात्र घाबरून चाचांकडे बघत होती. रडायचं होतं, येत नव्हतं.

गेल्या वर्षी चाचा गेले. घरभर बायका रडत होत्या. निलोफर मयतीजवळ बसलेली, तोंड वासून. छाती नुसती हलत होती...

मी तिच्या शेजारीच होते. तिला जवळ घ्यायला हवं होतं.

मी उठून अंगणात आले. अजून तिला फोन करायची हिंमत झालेली नाही.