लहान मुलं असलेल्यांनी पुढे यावं

बस गं रुचिता, दार तेवढं लोटून घे. लाइट गेलीय ती येईल तेव्हा येईल, मेणबत्ती आहे तेवढी पुरे. आवाज मात्र हळू ठेव, ही आत्ताच मांडीवर झोपलीय. आणि हिचं नाव घेऊ नकोस. का ते सांगतेच. सकाळपासून शेजारच्या दारातून बॅग बघून विचारते आहेस ना, विशाखापट्टणमला येऊन जेमतेम पावसाळा सरला आणि ताई परत आपल्या पालघरच्या माहीमला का निघाली म्हणून?

आलो तेव्हा काही वेगळं नव्हतं. शैलेशची बोईसरच्या कारखान्यातून इकडे बदली झाली. तो आधी आला, घर बघितलं, मग मी लेकीला घेऊन विमानाने यायचं ठरलं. माझा पहिलाच विमानप्रवास, तोही कडेवर पावणेदोन वर्षांची पोर घेऊन. धाकट्या दिराने, सुजितने, गाडी काढली. सासूबाई विमानतळापर्यंत सोडायला येणार हे न विचारताच ठरलेलं होतं. मंगलाबाईंना नको म्हणायची आमच्या घरात कोणाची छाती नाही.

घरातून निघतानाच आमचं वाजलं. कशावरून? सुकटीवरून! "तिथं तुला कोण सुकट देनार हाय?" म्हणून त्यांनी चांगली किलोभर बांधून दिली. मी म्हटलं, "आई, विमानात वास सुटला तर मला खिडकीतून खाली टाकतील." त्या म्हणाल्या, "टाकू देत, सुकट तरी माझी परत येल." सुजित हसतोय, मी चिडलेय, सासूबाई पिशवी बॅगेत कोंबतायत, आणि या सगळ्या गोंधळात गाडी वेस ओलांडून पुढे गेली. कोणाच्या लक्षातच आलं नाही.

तू सफाळ्याची, तुमच्याकडेही असेल ही पद्धत. आमच्याकडे लहान मूल पहिल्यांदा लांब न्यायचं असलं की वेशीवर थांबतात. घरातली मोठी बाई खाली उतरते, मागे वाडीकडे तोंड करते आणि मुलाचं नाव घेऊन तीन हाका मारते. का तर मुलाचा जीव खेळत मागेच राहतो, नुसतं अंग पुढे जातं. बोलायला न येणाऱ्या मुलाच्या वतीने आईने गाडीतून ओ द्यायची, "आले, आले." हाक द्यायची ती आपल्याच वेशीवर. परक्या जागी नाही.

सासूबाईंना आठवलं ते पालघर सोडून मनोरच्या रस्त्याला लागल्यावर.

"थांबव रे सुजित! पोरीला हाक मारायची रायली!"

"आता इथं? मागं जायचं तर उशीर होईल आई."

"इथंच मारते. माझी नात हाय, मी कुठूनबी हाक मारन."

भर दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नाही. गाडी थांबली तो नाका मी ओळखला आणि मला बरं वाटलं नाही. दिवाळीनंतर डोंगरपाड्यांतली माणसं वीटभट्टीवर कामाला जातात, त्यांचे ट्रक तिथेच भरतात. नवसीची गोष्ट तूही ऐकली असशील. कोणे एके वर्षी ट्रक भरला. आधी गडी चढले, मग भांडी, कोंबड्या, गाठोडी, बायका-पोरं शेवटी. पोरं हातोहात वर द्यायची. नवसीच्या आईला वाटलं पोर बापाकडे, बापाला वाटलं आजीकडे. ट्रक निघाला आणि ती खालीच राहिली. मागून पळत सुटली म्हणे, हाका मारत. भट्टीवर उतरल्यावर कळलं की ती नाही. ती सापडली नाक्यामागच्या खदानीच्या पाण्यात.

सासूबाई उतरल्या. पदर सावरून माहीमच्या दिशेला तोंड केलं आणि लेकीचं नाव घेऊन खणखणीत हाक मारली. "चल गो, मागं नको रऊ!" मी ओ द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात शैलेशचा फोन वाजला. दुसरी हाक. मी फोन कापत होते. तिसरी हाक...

"आले."

बारीक, स्पष्ट आवाज होता. सासूबाई हरखून गाडीत शिरल्या. "बघितलंस चारुता? पोरीनं सोताच ओ दिली!" लेकीला 'मम्मू' याखेरीज एक शब्द येत नव्हता. आणि ती माझ्या खांद्यावर गाढ झोपली होती, तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता. मी सुजितकडे पाहिलं. तो आरशातून माझ्याकडे बघत होता. त्याने गाडी सुरू केली. मनोर येईपर्यंत त्याने गाणी लावली नाहीत, आणि गाण्यांशिवाय गाडी चालवणारा सुजित मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

विमानतळाच्या दारात बंदूकवाला शिपाई तिकीट बघत म्हणाला, "और ये दूसरी बच्ची?" मी म्हटलं, "कौन दूसरी?" त्याने माझ्या मागे बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि हाताने पुढे जा म्हणाला. काचेपलीकडे सासूबाई हात हलवत होत्या. हलवता हलवता त्यांचा हात मधेच थांबला. मला वाटलं, रडू आलं असेल.

सुकटीची बॅग आधीच पट्ट्यावरून गेली होती. तरी मला वास येत होता. सुकटीचा नव्हे. ओल्या मातीचा, धुराचा... भट्टीजवळून जाताना येतो तसा.

फाटकापाशी घोषणा झाली, लहान मुलं असलेल्यांनी पुढे यावं. लोक बाजूला सरले. मला उगाच राणीसारखं वाटलं बघ. आपल्याकडे पोरवाल्या बाईला गाडीत चढायला शेवटी जागा, आणि इथे सगळ्यांच्या आधी! मी पुढे निघाले आणि माझ्या ओढणीला मागून ओढ बसली. घाईची ओढ, कोणीतरी लहान, मागे राहील या भीतीने धरावं तशी. मागे वळले तर ओढणी नुसतीच लोंबत होती.

फाटकावरची मुलगी मराठी होती. हसून म्हणाली, "दोघींना नीट धरा हं मॅडम. पुढे उतार आहे, मुलं पळतात."

"एकच आहे," मी म्हटलं.

ती माझ्या गुडघ्यापाशी बघत राहिली. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे मात्र बदलले. "सॉरी... जा तुम्ही."

विमानाच्या दारापर्यंत नेणाऱ्या त्या बोगद्यात आम्ही दोघीच होतो. माझ्या चपलांचा आवाज येत होता आणि त्याच्या मागोमाग अनवाणी पावलांचा, पट्पट्, पट्पट्. मी थांबले की तोही थांबायचा. मी लेकीला इतकी घट्ट आवळली की ती जागी झाली आणि माझ्या खांद्यावरून मागे कोणाला तरी बघून हसली. मुलं दुसऱ्या मुलाला बघून हसतात ना, तशी.

जागेवर बसले. हवाईसुंदरी बाळाचा पट्टा घेऊन आली. एक नाही, दोन पट्टे. हळूच म्हणाली, "मॅम, इस तरफ एक ही बेबी बैठ सकता है. ऊपर मास्क एक ही ज़्यादा है. दूसरी को किसी और के पास..."

"दूसरी नहीं है!" मी जवळपास ओरडलेच. शेजारचे काका दचकले. ती गोंधळून गेली. सीटखालून माझ्या घोट्याला गार, ओली बोटं लागली, आणि तिथेच धरून राहिली. उठून पळावं म्हटलं तर पट्टा बांधलेला, मांडीवर पोर, आणि वाटेत लोकच लोक. भीती काय असते ते मला त्या दिवशी कळलं, रुचिता. भर उजेडात, एसीत, शंभर-दीडशे माणसांमध्ये बसून मी पायापासून गार पडले होते.

मग माणसं मोजायला लागले. हातातलं यंत्र टिकटिक करत एक मुलगा शेवटपर्यंत गेला आणि परत आला. पुढे कुजबुज झाली. एक जास्त येत होता. पुन्हा मोजले, पुन्हा एक जास्त. लोक वैतागले. आणि तेवढ्यात माझी लेक माझ्या मांडीवर ताठ झाली. पुढच्या उघड्या दाराकडे दोन्ही हात करून रडायला लागली, "मम्मू! मम्मू!" मी इथे, आणि हाका तिकडे... जणू मीच तिला टाकून दाराबाहेर चालले होते. मी तिचं तोंड माझ्याकडे वळवलं. "मी इथे आहे गं सोन्या, इथे आहे." ती रडता रडता एकदम सैल पडली. घोट्यावरची पकड सुटली.

तिसऱ्यांदा मोजलं आणि आकडा बरोबर आला. दार बंद झालं.

आणि मी हसले. काय सांगू तुला, सुटले म्हणून हसले मी! लोकांनी वैतागून माझ्याकडे बघितलं तरी हसत होते. एक उतरली, इतकंच माझ्या डोक्यात. कोण उतरली, हे डोक्यातच आलं नाही.

विमान वर गेलं तशी आतली सगळी बाळं कान दुखून रडायला लागली. माझी रडली नाही. तिने डोळे उघडले. दोन्ही मुठींत माझा कुर्ता धरला, असा की शिवण उसवली. एकदा खिडकीबाहेर बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मोठ्या पोरीसारखं स्पष्ट विचारलं...

"आये, आता गाडी नाय ना थांबनार?"

इथे उतरल्यावर शैलेशला कोण आनंद, पोरगी बोलायला लागली म्हणून! तो तिला उचलून नाचत होता आणि माझा फोन वाजला. सासूबाई होत्या, अगदी दबक्या आवाजात. "चारुता... पोर तुझ्यापाशीच हाय ना?"

"हो आई."

"मग मागच्या सीटवर मम्मू मम्मू करून कोन रडत व्हतं?... सुजितनंबी ऐकलं. सबंध रस्ता. नाक्यावर गाडी जरा हळू झाली, तशी ती उतरली गो..."

शैलेश म्हणतो, सासू-सुनेचं डोकं फिरलंय. त्याला काय, पोर जेवते, हसते, वजन वाढतंय. पण तू बघितलं आहेस ना हिला? कोणी किल्ली उचलली की ही चपला घालून दारात उभी. लिफ्टचं दार उघडलं की सगळ्यांच्या आधी आत. झोपते तीही बसल्या बसल्या, माझी ओढणी मनगटाला गुंडाळून. हिला नावाने हाक मारली की ही ओ देते, आणि दर खेपेला ते नाव जरा जास्त हिचं होतं. म्हणून सासूबाईंनी बजावलंय, नाव घेऊ नको. त्या स्वतः रोज दुपारी रिक्षा करून नाक्यावर जातात, दूध ठेवून येतात. हाक मात्र मारत नाहीत. ओ द्यायला आईच हवी.

आता उद्या. उद्या दुपारचं विमान. नाक्यावर सासूबाई लेकीचं नाव घेऊन हाक मारतील, मी ओ देईन, माझी पोर माझ्याकडे येईल. आणि ही तिथे राहील. पुन्हा त्याच नाक्यावर, पुन्हा गाडी निघून जाताना बघत. मला माझी लेक हवी आहे गं, जीव तुटतो माझा तिच्यासाठी. पण इतके दिवस हिला भरवलंय, न्हाऊ घातलंय. हिच्या मनगटाची ओढणी सोडवायला माझा हात होईल का, ते मला ठाऊक नाही. बॅग भरायला घेतली तेव्हापासून ही त्या बॅगेवरच बसून होती. दमून झोपली ती आत्ता.

काय? रडू नकोस. आणि बोलू नकोस काही... अगं नको...

"पण ताई," रुचिता म्हणालीच, "किंजल तर—"

मी तिचा हात दाबला. मांडीवरची पोर हललीसुद्धा नाही. मेणबत्तीची ज्योत सरळ होती. आतल्या अंधाऱ्या स्वयंपाकघराच्या दारातून, दमून-भागून लांबून चालत आल्यासारखा, एक आवाज आला.

"मम्मू?"

ओळखला मी तो. माझ्या लेकीचा. ओ द्यायला मी तोंड उघडलं, आणि मांडीवरच्या पोरीने डोळे न उघडता आपला गार, ओला तळहात माझ्या ओठांवर दाबून धरला.