लाल राहिलेली चकती

छोटीची चप्पल धक्क्यावरून पाण्यात पडली आणि नेमका त्याच वेळी वारा फिरला.

"अरे, माझी चप्पल! कोणीतरी पकडा ना!"

पकडणार कोण? शिट्टी आणि गाठ्या शर्यतीवरून नजर हटवायला तयार नव्हते. सकाळी तलावावर वाऱ्याचा पत्ता नव्हता, शिडं मरगळून लटकली होती. मग ऊन पडलं, झुळूक सुटली आणि बोटी पळायला लागल्या. आता टेकडीमागून काळं आभाळ भराभर वर येत होतं. चप्पल लाटांवर उड्या मारत बेटाच्या पलीकडच्या लव्हाळ्यांकडे निघाली. ती दिसेनाशी होईपर्यंत छोटी एका पायावर उभी राहून बघत होती. त्यानंतरही बराच वेळ ती पुटपुटत राहिली, की या क्लबात चपलेची कोणाला काही किंमतच नाही.

शिट्टी बारा वर्षांची. दोन बोटं तोंडात घालून ती अशी सणसणीत शिट्टी मारायची, की तिचं खरं नाव आता फक्त शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं. सुट्टीला ती मावशीकडे आली होती. गाठ्या आणि छोटी ही भावंडं मावशीच्या शेजारची. गाठ्याच्या हाती दोरी पडली की तिची गाठ झालीच म्हणून समजा. घरातले पडदे त्याच्यामुळे कायमचे अर्धे उघडे असत. मावशी आणि गाठ्याचे बाबा दर रविवारी यॉट क्लबात शर्यतीला उतरायचे, आपापली एकटीची छोटी शिडाची बोट घेऊन. त्यांची दोस्ती जुनी आणि भांडणंही जुनी.

मागच्या रविवारी मावशी चक्क पहिली आली होती, आणि तरीही बाद झाली. कारण होतं क्लबाच्या ओसरीतली फळी. त्या फळीवर त्या दिवशी शर्यतीत उतरणाऱ्या प्रत्येक बोटीच्या नंबराची एक लाकडी चकती असायची, एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने हिरवी. पाण्यात उतरताना आपली चकती लाल करायची, परत आल्यावर हिरवी. म्हणजे कोण बाहेर आहे ते एका नजरेत कळतं. चकती उलटवायला जो विसरला, तो बाद; शर्यत रद्द झाली असेल, तर पुढच्या शर्यतीतून बाद. मावशी जिंकल्याच्या आनंदात विसरली आणि आठवडाभर घरात त्याच विषयावर धुसफुसत होती.

फळीवर लक्ष ठेवायचे सेक्रेटरीकाका. करड्या मिशांचे, कडक इस्त्रीचे, आणि बोलणं त्याहून कडक. आज सकाळीच छोटीने गंमत म्हणून एक चकती फिरवली, तेव्हा त्यांनी तिघांना उभं करून सांगितलं होतं, की फळीला पुन्हा हात लावलात तर क्लबाचं फाटक तुमच्यासाठी बंद.

विजेचा पहिला लोळ टेकडीवर चमकला आणि सेक्रेटरीकाकांनी भोंगा वाजवला. शर्यत रद्द. मग एकच पळापळ उडाली. वादळी वारा, आडवा पाऊस, किनाऱ्याकडे झेपावणाऱ्या बोटी. तिघं मुलं बोटींच्या शेडमध्ये धावली. पावसाच्या पडद्याआडून फक्त ओरडणं, शिडांची फडफड आणि बोटी उतारावरून वर ओढणाऱ्या ट्रॉल्यांचा खडखडाट ऐकू येत होता.

हळूहळू खडखडाट थांबला. मोठी माणसं भिजलेले कपडे पिळत क्लबाच्या हॉलमध्ये गेली आणि चहाच्या किटलीभोवती जमली. प्रत्येकाला आपण वादळातून कसे सुटलो ते सांगायचं होतं, ऐकायचं कोणालाच नव्हतं.

शिट्टी दारात उभी राहून मावशीला शोधत होती.

"अगं, माझ्या मागेच होती ती," गाठ्याचे बाबा चहाचा घोट घेत म्हणाले. "गरम पाण्याखाली उभी असेल निवांत. येईल."

शिट्टी बायकांच्या खोलीत गेली. सगळे नळ बंद होते. मावशीचा टॉवेल खुंटीवर होता, घडी न मोडलेला, कोरडा. बाकाखाली तिचे बूट होते आणि बुटात गाडीची किल्ली.

ती बाहेर आली तेव्हा गाठ्या उताराच्या टोकाशी पावसात उभा होता.

"ही बघ," तो म्हणाला.

पाण्याच्या कडेला एक ट्रॉली उभी होती, रिकामी. लाटा तिच्या चाकांवर आपटत होत्या. बोट पाण्यात सोडली की ट्रॉली किनाऱ्यावर ठेवायची आणि परत आल्यावर तिच्यावरच बोट चढवून वर न्यायची, ही इथली रीत. रिकामी ट्रॉली म्हणजे बोट अजून पाण्यात. दांड्यावर पिवळ्या रंगात मावशीच्या बोटीचा नंबर होता, सत्तेचाळीस. तो नंबर शिट्टीने स्वतःच परवा नव्याने रंगवला होता.

ती धावत हॉलमध्ये गेली आणि सेक्रेटरीकाकांना टॉवेल, बूट, किल्ली, ट्रॉली असं सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, तिला ओसरीत आणलं आणि फळीकडे बोट दाखवलं. सगळ्या चकत्या हिरव्या होत्या. सत्तेचाळीससुद्धा.

"ही फळी मी रोज पाहतो, बाळ. तुझी मावशी परत आली आहे. बोट कुठेतरी बाजूला लावली असेल. बचावाची बोट या वादळात उगाच बाहेर काढली, तर तिच्यातल्या माणसांचा जीव धोक्यात घालायचा का?"

आणि ते आत निघून गेले. बचावाच्या बोटीची किल्ली त्यांच्या खिशात होती.

शिट्टी फळीकडे बघत राहिली. चकती हिरवी होती खरी. पण मावशी परत आली असती, तर पहिल्यांदा शिट्टीला शोधून 'या वेळी चकती विसरले नाही हं' असं ऐकवलं असतं. ती आली नव्हती. शिट्टीला याची खात्री होती आणि त्यामुळेच तिला फार भीती वाटत होती.

"ही चकती दुसऱ्याच कोणीतरी उलटवली," गाठ्या हळूच म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. कोणी, ते तो बोलला नाही. फक्त हॉलच्या काचेतून बाबांकडे एकदा बघून त्याने नजर वळवली.

"मग सांगायचं कसं? ते फळीवरच विश्वास ठेवतात."

गाठ्या खिशातल्या दोरीला गाठी मारत राहिला. तीन गाठी झाल्या आणि तो थांबला. "मग फळीलाच सांगू दे," तो म्हणाला. "सगळ्या लाल करायच्या. मग प्रत्येकाने येऊन स्वतःची उलटवायची. जी लाल राहील, ती..."

"फाटक बंद होईल आपल्याला," छोटी म्हणाली.

"होऊ दे," शिट्टी म्हणाली.

तिघांनी भराभर हात चालवले. वरची रांग शिट्टीने घेतली, मधली गाठ्याने, खालची छोटीने. बघता बघता फळी लालभडक झाली. मग गाठ्याने ओसरीत टांगलेल्या घंटेची दोरी धरली आणि जीव खाऊन वाजवली. ही घंटा फक्त संकटात वाजवायची असते. हॉलमधला गलका एकदम थांबला. कोणी कप घेऊन, कोणी टॉवेल गुंडाळून, सगळे ओसरीत आले.

सेक्रेटरीकाकांनी फळी पाहिली आणि त्यांच्या मिशा थरथरल्या. "कोणी केलं हे?"

"मी," शिट्टी म्हणाली.

"आम्ही," गाठ्या म्हणाला.

"मी फक्त खालच्या केल्या," छोटीने खरं ते सांगून टाकलं. "वर माझा हात पोचत नाही."

कोणाला हसू आलं नाही. सेक्रेटरीकाका चकत्या पुन्हा हिरव्या करायला पुढे झाले, तर शिट्टी फळीला पाठ लावून उभी राहिली.

"तुम्ही नका करू, काका. ज्याची त्याला करू द्या. स्वतःची, फक्त स्वतःची. मग मी घरी जाईन आणि परत येणार नाही."

मग गर्दीतल्या एका पांढऱ्या केसांच्या बाईंनी कप खाली ठेवला, पुढे येऊन आपली चकती उलटवली आणि बाजूला झाल्या. त्यांच्यामागून दुसरे आले. पोरांचे लाड फार झालेत, असं कोणीतरी कुरकुरलं, पण कुरकुरत का होईना, आपली चकती उलटवून गेलं. टक, टक, टक. लाल कमी होत होतं. सेक्रेटरीकाका हाताची घडी घालून उभे होते. हळूहळू त्यांची घडी सुटली.

शेवटी गाठ्याचे बाबा आले. त्यांनी आपली चकती हिरवी केली आणि हात तसाच फळीवर राहिला. शेजारच्या खिळ्यावर सत्तेचाळीस होती. लाल.

कोणीही पुढे आलं नाही. ओसरीच्या पत्र्यावर पाऊस नुसता बडवत होता.

"ती मी उलटवली होती," बाबा म्हणाले. "मागच्या वेळी ती बाद झाली ना... वळून पाहिलं तर शिड दिसलं मागे. म्हटलं, आलीच आहे, आपण करून टाकू."

सेक्रेटरीकाका खिशातून किल्ली काढून धावत सुटले. त्यांना धावताना क्लबात आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

धक्क्यावर मोठ्यांचा वाद सुरू झाला. शर्यतीत वारा तलावाच्या टोकाला असलेल्या धरणाच्या भिंतीकडे वाहत होता, तेव्हा बोट भिंतीकडेच गेली असणार, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. छोटी कोणाचा तरी शर्ट ओढत होती, पण कोणी ऐकेना. शेवटी तिने सेक्रेटरीकाकांचाच हात धरला.

"माझी चप्पल भिंतीकडे नाही गेली. ती बेटामागे गेली, लव्हाळ्यात. मी शेवटपर्यंत बघत होते."

"कधी?" काका खाली वाकले.

"वारा फिरला ना, तेव्हा."

काकांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा तिच्या अनवाणी पायाकडे. "बेटामागे चला," ते म्हणाले. मग शिट्टीकडे वळून त्यांनी विचारलं, ती शिट्टी खरंच इतक्या लांब जाते का? शिट्टीने होकारार्थी मान हलवली. त्यांनी स्वतः तिला लाइफ जॅकेट घातलं आणि पट्टे दोनदा ओढून पाहिले.

काका, शिट्टी आणि गाठ्याचे बाबा बचावाच्या बोटीत चढले आणि बाबांनी इंजिन चालू केलं. बोट लाटांवर अशी आदळत होती, की शिट्टीचे दात एकमेकांवर वाजत होते. पावसात समोरचं काही दिसत नव्हतं. बेटाला वळसा घालून बोट पलीकडे आली आणि पुढे नुसती वाकलेली, राखाडी लव्हाळी पसरली होती. शिट्टीने दोन बोटं तोंडात घातली. बोटं गारठली होती, पहिल्यांदा नुसती फुंकर निघाली. दुसऱ्यांदा शिट्टी वाजली. त्या तिघांनी कान दिले. काही नाही.

"इंजिन बंद करा," शिट्टी म्हणाली. "ती उत्तर देत असेल तरी ऐकू येणार नाही."

वादळात इंजिन बंद करायचं म्हणजे बोट लाटांच्या हवाली करायची. बाबांनी सेक्रेटरीकाकांकडे पाहिलं. काकांनी मान डोलावली. इंजिन थांबलं आणि बोट आडवी होऊन डुचमळायला लागली. शिट्टीने सगळा श्वास ओतून पुन्हा शिट्टी मारली.

वारा. पाणी. मग डावीकडून, अगदी बारीक, पिर्र... लाइफ जॅकेटला बांधलेली प्लॅस्टिकची शिट्टी!

बोट पूर्ण उलटी झाली होती. डोलकाठी तळाच्या चिखलात रुतली होती आणि सुकाणू मोडून पडलं होतं. बोटीच्या पांढऱ्या पाठीवर मावशी पालथी पडून होती. तिचे ओठ निळे पडले होते. बाबांनी तिला दोन्ही हातांनी वर ओढून घेतलं.

"चहा संपला असेल ना?" मावशी दात वाजवत म्हणाली.

शिट्टी इतका वेळ रडली नव्हती. आता तिने मावशीच्या ओल्या गळ्यात तोंड खुपसलं आणि मोठ्याने रडली.

किनाऱ्यावर सगळा क्लब पावसात उभा होता. ब्लँकेटं आली, गरम पाण्याच्या पिशव्या आल्या, डॉक्टरांना फोन गेला. मावशीने जॅकेटच्या आत हात घालून काहीतरी बाहेर काढलं.

"ही माझ्या आधी तिथे पोचली होती. एकटीला तेवढीच सोबत. कोणाची आहे?"

छोटीने चप्पल घेतली, झटकली, पायात घातली आणि सगळ्यांकडे अशा नजरेने पाहिलं, की आतातरी कळलं का?

बाबा मावशीसमोर उभे राहिले. "तू पुन्हा बाद होऊ नयेस म्हणून मी..."

"बाद झाले असते तर चाललं असतं रे," मावशी म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता आणि त्यामुळेच बाबांचे डोळे भरून आले. गाठ्या गर्दीतून वाट काढत आला आणि बाबांना खेटून उभा राहिला.

मग सेक्रेटरीकाका सगळ्यांसमोर बोलले. एवढ्या वर्षांत आपलं चुकलं हे त्यांनी कधी म्हटलं नव्हतं, त्यामुळे सुरुवातीला जरा अडखळले. "फळी हिरवी दिसली आणि मी पाण्याकडे बघायचंच सोडून दिलं. या मुलांनी ट्रॉली पाहिली, सांगितलं, आणि मी त्यांना परत पाठवलं. आज एक माणूस जिवंत आहे तो या तिघांमुळे. पुढच्या रविवारपासून फळीजवळ माझ्या शेजारी हे तिघं उभे राहतील, सुट्टी संपेपर्यंत. आणि तुझ्यासाठी," ते छोटीकडे वळले, "मी एक स्टूल आणून ठेवतो."

टाळ्या वाजत होत्या, पण मावशी तोवर उठली होती. बस, पड, डॉक्टर येऊ देत, असं सगळे म्हणत असताना ती ब्लँकेट फरफटवत, शिट्टीच्या खांद्याचा आधार घेत ओसरीत फळीपाशी गेली. तिची बोटं बधिर झाली होती. चकती पहिल्यांदा हातातून सुटली आणि लालची लाल राहिली. गाठ्याच्या बाबांचा हात मदतीला पुढे आला आणि त्यांनी तो चटकन मागे घेतला.

मावशीने पुन्हा हात वर केला आणि सत्तेचाळीस नंबरची चकती स्वतः उलटवली.